हरवलेलं मांजर, पळालेला कुत्रा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आत्ता या क्षणी जनावर हरवलेलं असेल तर पहिले पाच प्रश्न वाचा आणि बाहेर पडा. बाकीचं रात्री वाचता येईल. हे पान पुणे, मुंबई आणि आसपासच्या गावांतली परिस्थिती धरून लिहिलं आहे: सोसायट्या, चाळी, गल्लीगल्लीतली भटकी कुत्री, दिवाळीचे फटाके, गावाकडचा ऊस. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. मांजर हरवलं तर जागा शोधायच्या आणि कुत्रा हरवला तर माणसं गाठायची. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. मांजराचे फोटो शहरभर पाठवत बसतात आणि कुत्र्यासाठी घराभोवतीची झुडपं धुंडाळतात.

मांजर कुठेच दिसत नाही. आधी काय करू?

आधी घरातच शोधा. हसू नका. वॉशिंग मशीनचा ड्रम, दिवाणाची पेटी, फ्रीजची मागची बाजू, माळ्यावरच्या सुटकेसा, बेसिनखालचं कपाट, सकाळी उघडून बंद केलेलं कपड्यांचं कपाट, सगळं हात घालून बघा. नुसतं डोकावू नका.

मग प्रत्येक खिडकी आणि बाल्कनीच्या बरोबर खाली जा. वरून पडलेलं मांजर सहसा लांब जात नाही. दुखावलेलं असेल तर जवळच्या कुंड्यांमागे किंवा उभ्या गाडीखाली अंग चोरून बसतं. ते चालताना दिसलं तरी डॉक्टरांकडे न्याच. फुप्फुसाला लागलेला मार बाहेरून कळत नाही.

हाका मारून घसा बसला, पण ओ देत नाही. म्हणजे लांब गेलं असेल ना?

नाही, आणि याच गैरसमजापायी सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. घाबरलेलं मांजर मालकाच्या हाकेलाही उत्तर देत नाही, कारण आवाज केला की आपण सापडतो एवढंच त्याच्या अंगात भिनलेलं असतं. तुम्ही दोन हातांवर उभे असाल आणि ते श्वास रोखून तुमच्याकडे बघत असेल, असं अगदी होतं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, बाराशेहून जास्त हरवलेल्या मांजरांच्या एका अभ्यासात, सापडलेल्यांपैकी ७५ टक्के मांजरं निसटल्या जागेपासून ५०० मीटरच्या आत सापडली होती. घरात वाढलेली, कधी बाहेर न गेलेली मांजरं त्याहून बरीच जवळ असतात. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: ज्यांनी स्वतः फिरून शोध घेतला, त्यांना मांजर जिवंत सापडण्याची शक्यता वाढली.

म्हणून आधी स्वतःची इमारत, मग शेजारच्या दोन्ही. मीटर रूम, पंपरूम, जिन्याखालची अडगळ, गच्चीवरच्या टाक्यांच्या मधली फट, संडास-बाथरूमच्या पाइपांचा डक्ट, पार्किंगमधली महिनोन् महिने न हललेली झाकलेली गाडी. बॉनेटच्या आत मांजर शिरतं, त्यामुळे वॉचमनला सांगून ठेवा की सकाळी गाडी सुरू करण्याआधी सगळ्यांनी बॉनेटवर थाप मारावी. शेजाऱ्यांना "मांजर दिसलं का" असं विचारून भागत नाही, ते "नाही" म्हणून दार लावून घेतात. "तुमची ड्राय बाल्कनी मी दोन मिनिटं बघू का?" असं विचारा. गावी गेलेल्यांच्या बंद फ्लॅटच्या बाल्कनीत अडकलेली मांजरं नेहमीच सापडतात.

खरा शोध रात्री, एक ते चारच्या दरम्यान. रहदारी थांबलेली असते आणि मांजर हलायला लागतं. टॉर्च स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा आणि प्रकाश जमिनीलगत फिरवा, म्हणजे मांजराचे डोळे हिरवट चमकतात. एकट्यानेच जा, किंवा फार तर दोघं. दहा जणांचा घोळका टॉर्च घेऊन फिरायला लागला की मांजर आणखी आत सरकतं. सोबत सुकट किंवा सुका बोंबील तव्यावर जरा गरम करून न्या. त्या वासापुढे महागडं कॅटफूड काहीच नाही. शेजारी शुद्ध शाकाहारी असतील तर त्यांना आधी कल्पना द्या, नाहीतर मांजर सापडेल आणि भांडण सुरू होईल.

कुत्रा पळाला. पहिल्या तासात काय करायचं?

तो ज्या दिशेने गेला त्या दिशेने एक जण दुचाकीवर, एक जण पायी, आणि एक माणूस घरी दार उघडं ठेवून. घरचा माणूस फार महत्त्वाचा आहे. कुत्रा गोल फिरून परत येतो, दार बंद बघतो आणि पुन्हा निघतो.

आपल्याकडे पाळलेला कुत्रा सरळ चालत जात नाही, त्याला हाकललं जातं. प्रत्येक गल्लीची कुत्री आपली हद्द राखतात. एका टोळीने भुंकून बाहेर काढला की पुढची टोळी तयारच असते. तासाभरात तो तीन-चार किलोमीटरवर पोहोचू शकतो, आणि तेही ज्या भागात तुम्ही त्याला कधी फिरवलेलं नाही अशा ठिकाणी. म्हणून भुंकण्याच्या आवाजाकडे कान ठेवा. अनोळखी कुत्रा शिरला की गल्ली अशी काही पेटते की वाट आपोआप कळते.

दिसला, पण हाक मारली की आणखीच पळतो!

मग हाक मारू नका आणि मुळीच धावू नका. घाबरलेला कुत्रा काही वेळ मालकालाही ओळखत नाही. तिथेच खाली बसा, त्याच्याकडे पाठ किंवा कूस करा, डोळ्यांत बघू नका. पार्ले-जीचा पुडा हळूच चुरचुरवा, एखादा तुकडा बाजूला टाका, बोलायचंच असेल तर घरात बोलता तसं काहीतरी पुटपुटत राहा. गाडीतून फिरायची सवय असेल तर गाडीचं दार उघडून बसा. अनेक कुत्री माणसाकडे येत नाहीत, पण गाडीत उडी मारतात. मदतीला आलेल्या लोकांनाही हे समजावून सांगा, कारण उत्साही तरुणांचं टोळकं "पकडा, पकडा" करत कुत्र्याला हमखास हमरस्त्यावर ढकलतं.

पकडताना तो चावू शकतो, तुमचा स्वतःचा असला तरी. चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठा. हळद किंवा तिखट लावत बसू नका.

चौकशी कोणाकडे करायची?

रस्त्यावर रोज एकाच वेळी असणाऱ्या माणसांकडे. पहाटेचा दूधवाला आणि पेपरवाला, घंटागाडीवर काम करणारे, झाडूवाल्या मावशी, रिक्षास्टँड, रात्री उशिरापर्यंत उघडी असणारी अंडाभुर्जीची गाडी, एटीएमचा रखवालदार. यांच्या नजरेतून नवीन कुत्रा सुटत नाही. त्यांना फोटो मोबाइलवर दाखवून निघून जाऊ नका. छापलेली चिठ्ठी हातात द्या, कारण कुत्रा दिसेल तेव्हा तुम्ही तिथे नसाल.

आणि सगळ्यांच्या वर: भटक्या कुत्र्यांना रोज खायला घालणारी माणसं. प्रत्येक वस्तीत अशी एखादी ताई किंवा काका असतातच. त्यांना आपल्या भागातल्या प्रत्येक कुत्र्याची वंशावळ तोंडपाठ असते, आणि शेजारच्या भागात कोण खायला घालतं हेही माहीत असतं. एकाला गाठलंत की दहा जण जोडले जातात.

पोस्टरवर काय लिहू?

कमी लिहा. "हरवला आहे" ही दोन शब्दांची ओळ रस्त्याच्या पलीकडून वाचता येईल एवढी मोठी, एकच स्पष्ट फोटो, कुठून आणि कधी हरवला, फोन नंबर. मराठीत, आणि जमलं तर हिंदीतही. जातीचं नाव लिहून उपयोग नाही. वॉचमनला "शिह त्झू" कळत नाही, "पांढरं, लांब केसांचं, बुटकं कुत्रं" कळतं. आंघोळीनंतरचा नटवलेला फोटो टाळा. दोन दिवस रस्त्यावर राहिल्यावर तो तसा दिसणारच नाही.

"पकडू नका, फक्त फोन करा" हे वाक्य हवंच.

मांजराचं पोस्टर आपल्या आणि लगतच्या इमारतींच्या लिफ्टमध्ये. कुत्र्याचं दोन-तीन किलोमीटरच्या परिघात, चौकाचौकांत. भिंतींवर आणि विजेच्या खांबांवर विनापरवाना कागद चिकटवणं मालमत्ता विद्रूपणाविरुद्धच्या १९९५ च्या कायद्यात बसत नाही, आणि ते फाटतंही लवकर. किराणा दुकान, मेडिकल, सलून, पिठाची गिरणी इथे विचारून आतून लावलेला कागद महिनाभर टिकतो.

बक्षीस जाहीर करावं का? मला एकाने "कुत्रा माझ्याकडे आहे, आधी पैसे पाठवा" असा फोन केलाय.

बक्षीस आहे एवढं लिहा, आकडा लिहू नका. मोठा आकडा दिसला की खोटे फोन सुरू होतात, आणि काही जण सापडलेलं जनावर आकडा वाढायची वाट बघत बांधून ठेवतात.

त्या फोनबद्दल: पैसे पाठवू नका. व्हिडिओ कॉल करायला सांगा. पोस्टरवर न लिहिलेली एखादी खूण राखून ठेवलेली असावी, जसं पोटावरचा डाग किंवा वाकडं नख, आणि तीच विचारावी. "गाडीभाडं पाठवा", "क्यूआर स्कॅन करून पिन टाका म्हणजे खात्री पटेल" ही ठरलेली भाषा आहे. पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच असतील तर १९३० वर लगेच तक्रार करा.

महापालिकेच्या गाडीने उचललं असेल का?

कुत्र्याच्या बाबतीत शक्यता आहे, विशेषतः गळ्यात पट्टा नसेल आणि कुत्रा देशी असेल तर. महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागात फोन करा, त्यांच्याकडून त्या भागाचं नसबंदीचं काम कोणत्या संस्थेकडे आहे ते विचारा आणि तिथे स्वतः जाऊन बघा. फोनवर "तसा कुत्रा नाही" हे उत्तर मिळालं म्हणून थांबू नका. पिंजऱ्यात भेदरून बसलेला कुत्रा वर्णनाशी जुळत नाही.

प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे भटक्या कुत्र्याची नसबंदी आणि लसीकरण करून, कानाला खाच पाडून त्याला पकडल्या जागीच सोडायचं असतं. म्हणजे तुमचा कुत्रा नसबंदी होऊन, घरी न येता, पकडला गेला त्या चौकात परत सोडला जाऊ शकतो. तो चौकही बघून या. त्यातच ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बस आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातली कुत्री तिथे परत न सोडता निवाऱ्यात ठेवायला सांगितलं आहे. कुत्रा स्टेशनकडे गेल्याचं कळलं असेल तर निवारे आधी तपासा.

मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल म्हणजे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, पुण्यात रेस्क्यू आणि ब्लू क्रॉस अशा ठिकाणी जखमी जनावरं आणली जातात. तिथेही फोटो देऊन ठेवा.

पोलिसांत जाऊन काही होतं का?

चोरीचा संशय असेल तर नक्की जा. कायद्याच्या नजरेत पाळीव जनावर ही मालमत्ता आहे. चोरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली येते, आणि सापडलेलं जनावर मालक माहीत असूनही ठेवून घेणं कलम ३१४ खाली. लस कार्ड, खरेदीची किंवा दत्तक घेतल्याची कागदपत्रं, परवाना, जुने फोटो सोबत न्या. हवालदारसाहेब कदाचित हसतील, हसू द्यात. लेखी अर्ज देऊन पोच घ्या. सीसीटीव्हीचं चित्रण मागताना तो कागद कामाला येतो. आणि चित्रण पहिल्या दोन दिवसांतच मागा. बहुतेक सोसायट्यांमध्ये जुनं आपोआप पुसलं जातं.

गावाकडे कुत्रा हरवलाय, आजूबाजूला ऊस आहे.

जुन्नर, आंबेगाव, शिरूर, अकोले, संगमनेर या पट्ट्यात असाल तर अंधार पडल्यावर एकट्याने उसात शिरू नका. अकोले भागात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला तेव्हा त्याच्या खाण्यात सर्वात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला होता. ऐकायला वाईट वाटतं, पण शोध दिवसाच घ्या आणि घोळक्याने, काठ्या आपटत, मोठ्याने बोलत. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने राहणाऱ्यांनाही हेच लागू.

एरवी गावात कुत्रा शोधणं शहरापेक्षा सोपं. दूध डेअरीवर सकाळ-संध्याकाळ सगळं गाव येतं. तिथे एक कागद लावा आणि आठवडी बाजाराच्या दिवशी मटणाच्या दुकानांमागे चक्कर मारा.

पिंजरा लावू का?

मांजरासाठी हो, जागा पक्की कळली असेल आणि हाती येत नसेल तर. प्राणिसंस्थांकडे पाय ठेवला की दार पडणारा पिंजरा मिळतो. आत सुकट, खाली तुमचा न धुतलेला टी-शर्ट, वरून चादर. लावून झोपायला जाऊ नका, तासातासाला बघा. आधी दोन बोके, एक मुंगूस आणि घूस येऊन जाईल, त्याची तयारी ठेवा. उन्हात किंवा पावसात पिंजरा ठेवायचा नाही.

किती दिवस शोधायचं?

आठवडाभर जोर लावून, मग महिनाभर रोज थोडं, मग पोस्टर बदलत राहायची. वर सांगितलेल्या अभ्यासात एक तृतीयांश मांजरं पहिल्या आठवड्यात मिळाली, आणि वर्षभरात ६१ टक्के. काही आठवड्यांनी सापडलेली मांजरंही असतात, हडकलेली पण जिवंत. कुत्र्याला तर बऱ्याचदा कोणीतरी चांगल्या मनाने घरात ठेवून घेतलेलं असतं आणि त्या माणसापर्यंत तुमचा कागद पोहोचलेला नसतो.

कौल लावायचा असेल तर लावा, फक्त त्याच वेळी कोणीतरी टॉर्च घेऊन बाहेर असू द्या.

मायक्रोचिप बसवली की मोबाइलवर दिसतो ना कुठे आहे ते?

नाही. चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते, तिला बॅटरी नसते. स्कॅनर अगदी जवळ धरला की ती पंधरा आकडी क्रमांक दाखवते, बस्स. त्या क्रमांकासमोर तुमचा चालू फोन नंबर नोंदलेला नसेल तर चिप असून नसल्यासारखी. आपल्याकडे सगळ्या देशाची एकच नोंदवही नाही, चिपकंपन्यांच्या आपापल्या याद्या आहेत. चिप बसवताना नोंद कुठे झाली ते डॉक्टरांना विचारून लिहून ठेवा आणि नंबर बदलला की तिथे कळवा. चिप जरूर बसवा, मालकी सिद्ध करायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. पण पानटपरीवाल्याकडे स्कॅनर नसतो. त्याच्यासाठी गळ्यात नंबर हवा.

मग गळ्यात काय घालू?

मोठ्या अक्षरात कोरलेला फोन नंबर. साधा, स्वस्त आणि सर्वात उपयोगी. शक्यतो दोन नंबर. नाव कोरायची गरज नाही, नाव कळलं की चोरालाही सोपं जातं.

क्यूआर कोडचा बिल्ला चांगलाच आहे. २०२३ मध्ये मुंबई विमानतळाबाहेरच्या भटक्या कुत्र्यांनाही असे बिल्ले बांधले होते. पण घाबरलेल्या कुत्र्याच्या मानेवरचा कोड स्कॅन करणं प्रत्येकाला जमत नाही. एअरटॅगसारखी ब्लूटूथची बटणं आजूबाजूच्या लोकांच्या फोनवर अवलंबून असतात. कोथरूड-दादरला छान चालतात, माळरानावर गप्प. तिथे सिमकार्ड असलेला जीपीएस पट्टाच लागतो, आणि तो चार्ज करायची आठवण ठेवावी लागते.

मांजराला ओढलं की सुटणाराच पट्टा घाला. साधा पट्टा ग्रिलमध्ये अडकून फास लागतो.

दिवाळीत काय काळजी घ्यायची?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दोन गोष्टी एकाच वेळी होतात: लक्ष्मी यावी म्हणून दार उघडं ठेवतात आणि बाहेर फटाक्यांच्या माळा लागतात. जनावर पळायला याहून चांगला मुहूर्त नाही. त्या दिवशी कुत्र्याला दुपारीच फिरवून आणा, संध्याकाळी आतल्या खोलीत पंखा आणि टीव्ही लावून, पडदे ओढून ठेवा. जवळ कोणीतरी बसलं तर उत्तम. तो पलंगाखाली गेला तर ओढून काढू नका. शू-शीसाठी रात्री बाहेर न्यायचंच तर छातीपट्टा आणि गळपट्टा दोन्हीला साखळी.

भीतीवरची औषधं असतात, पण ती डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावी लागतात. वसुबारसेला फोन करा, लक्ष्मीपूजनाला नको. विसर्जनाची मिरवणूक, थर्टी फर्स्ट आणि क्रिकेटची फायनल जिंकली ती रात्र, यांनाही हेच लागू.

बाल्कनीला कबुतरांची जाळी आहे. पुरे ना?

मांजरासाठी नाही. नायलॉनची जाळी उन्हाने कुजते आणि दातांनी तुटते. तारेची जाळी किंवा जवळजवळ बसवलेलं ग्रिल हवं, आणि खालची फट बंद. खिडक्यांच्या डासांच्या जाळ्या तर मांजर डोक्यानेच ढकलते.

नसबंदी केली की पळणं थांबतं?

बरंच कमी होतं. माजाच्या वासावर बोका आणि कुत्रा कुठवर जातील याला हिशेब नाही. फटाक्यांच्या भीतीवर मात्र तिचा उपयोग नाही.

घर बदलतोय.

सामान हलवायच्या दिवशी मांजर बाथरूममध्ये, बाहेर "आत मांजर आहे, उघडू नका" असा कागद, आणि ते सगळ्यात शेवटी बास्केटमधून न्यायचं. नव्या घरी दोन-तीन आठवडे बाहेर सोडायचं नाही. कुत्रा असो की मांजर, निसटलं तर जुन्या पत्त्यावरही बघा आणि तिथल्या वॉचमनकडे नंबर ठेवा. रंगारी, प्लंबर, गॅसवाला यायच्या दिवशीही हाच कागद.

मला कोणाचा तरी कुत्रा सापडलाय.

पाणी द्या, बांधून ठेवा, घरच्या जनावरांपासून वेगळा. जवळच्या दवाखान्यात चिप बघून घ्या, सहसा पैसे घेत नाहीत. फोटो टाका, पण एखादी खूण दाबून ठेवा आणि मालक म्हणून येणाऱ्याला तीच विचारा. कुत्रा त्याला बघून शेपटी हलवतो हा पुरावा नाही, लॅब्रेडोर सगळ्यांनाच हलवतो. हडकलेला आहे म्हणून "टाकून दिलेला" असं लगेच ठरवू नका. महिनाभर हरवलेलं लाडकं कुत्रंही तसंच दिसतं.

सापडलं! आता?

आधी थोडं पाणी, मग थोडं थोडं खाणं. एकदम ताटभर नको. मांजराने दोन-तीन दिवस काहीच खाल्लेलं नसेल, त्यातही ते जाडजूड असेल, तर यकृतावर परिणाम होतो, म्हणून त्याच दिवशी दवाखाना. ताप वाटला तरी घरातली पॅरासिटामॉल देऊ नका, मांजराचा त्याने जीव जातो. गोचिड, पंजे, दात, शेपटीखाली बघा. चावल्याची एकही खूण दिसली तर डॉक्टरांना सांगा, आधी लस झालेली असली तरी रेबीजचा पुन्हा डोस लागू शकतो. ज्यांनी ज्यांनी पोस्टर लावू दिलं त्यांच्याकडे जाऊन ती काढून घ्या.

परत आलेल्या मांजरावर घरातलं दुसरं मांजर फिसकारतंय. विसरलं का?

वासाचा घोळ आहे. आठवडाभर बाहेर राहून आणि वर दवाखान्यात जाऊन आलेल्या मांजराला घरचा वास येत नाही, म्हणून दुसऱ्याला ते परकं वाटतं. दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवा, एकाचं अंथरूण दुसऱ्याला द्या, बंद दाराच्या दोन बाजूंना जेवायला घाला. काही दिवसांत निवळतं. दोघांना समोरासमोर धरून "अगं, हा आपला मन्याच आहे" असं समजवायला जाऊ नका. ओरखडे तुम्हालाच पडतील.